‘सेटलमेंट’ आणि इतिहासाचा धडा

सोलापुरांत ‘सेटलमेंट’ हें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु तें कोठून आलें, हें आमच्या शाळांतील किती मुलांस सांगतां येईल याची आम्हांस शंकाच वाटते.

१८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानें त्याचा अंमल मुंबई इलाख्यांतही बसविण्याची वाट मोकळी झाली, आणि कैकाडी, पारधी, टकारी इत्यादि जमातींचीं कुटुंबें ह्या नगरांत तारेच्या कुंपणाआंत ठेवण्यांत आलीं. गिरणींत काम, ठरल्या वेळीं हजेरी, परवान्यावांचून बाहेर पडणें हा अपराध! आणि हें कोणा एकावर चोरी शाबीत झाली म्हणून नव्हे. अमुक जमातींत जन्म झाला, एवढ्याचसाठीं. ह्या वसाहतीच्या व्यवस्थेंत अमेरिकन मराठी मिशनचाही हात होता. मिशनच्या शाळांतून वाढलेल्या आम्हां शिक्षकांना म्हणूनच हा भाग गाळणें अधिक अशोभनीय आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशभर रद्द झाला व ह्या जमातींस ‘विमुक्त’ हें नांव मिळालें. परंतु वर्गांत पेन हरवलें कीं मुलांच्या नजरा अद्याप एकाच बाकाकडे वळतात. ही संवय शाळेनें लावली नाहीं, असें म्हणून आम्हांस हात झटकतां येणार नाहींत. कारण तिच्या उलट शाळेनें कांहींच शिकविलें नाहीं.

जुनी खपली कशास काढावी, असें कांहीं सज्जन विचारतात. अमेरिकेंतही हाच वाद आहे. वर्णभेद केवळ माणसांच्या मनांत नसून कायद्यांत व संस्थांतही मुरलेला असतो, असें तेथील कांहीं कायदेपंडितांनीं मांडलें. अशा विचारांच्या शिकवणुकीवर २०२१ पासून अनेक राज्यांनीं निर्बंध घातले. गोऱ्या मुलांस उगाच अपराधी वाटेल, ही एक तक्रार होती. ती सर्वस्वीं पोकळ नाहीं. आजोबांच्या कृत्यांबद्दल नातवास खालीं मान घालावयास लावणें हा कांहीं इतिहास नव्हे. पण खपली धरली आहे हें ठरविणार कोण? ज्याची जखम आहे त्यास कोणी विचारलें काय?

आमच्या मतें हा धडा नववीच्या वर्गांत अवश्य असावा. लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालेलें आत्मकथन त्यासोबत वाचावें. मात्र वर्गांत त्या वस्तींतील मूल असल्यास त्यास उभें करून ‘तुझ्या घरचें सांग’ असें कदापि म्हणूं नये. कायदा त्यानें केलेला नव्हता. फळ्यावर लिहावयाचें तें त्या कायद्याचें कलम.