‘सर्व उत्तम’ लिहून कसं चालेल?

प्रश्न : चाकण एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतो. नैराश्यावर एका रुग्णालयातून गोळ्या चालू आहेत. रात्रीच्या गोळीने सकाळी मशीनवर डोळे मिटतात. मागे रुग्णालयात अभिप्रायाचा फॉर्म दिला, मी ‘सर्व उत्तम’ लिहून मोकळा झालो. खरं लिहिलं तर उपचार थांबतील का? कंपनीत कळेल? आणि मानसिक रुग्णाचं ऐकणार कोण?
– एक वाचक, चाकण

उत्तर : ऐकावंच लागतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २८ नुसार, रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयातल्या सेवेतील त्रुटींबद्दल रुग्णाला तक्रारीचा हक्क आहे. आधी तिथल्या प्रमुखांकडे. समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, मग राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. कलम २३ गोपनीयतेचं. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले, तर तुमची माहिती संमतीशिवाय कंपनीला देता येत नाही.

पण तुमची अडचण तक्रारीची नाहीच मुळी, डॉक्टरांना हवी असलेली ती माहिती आहे! ‘सर्व उत्तम’ वाचून डोस कोण बदलणार? फॉर्मची वाट न पाहता चिठ्ठीवर लिहा : गोळी किती वाजता घेतली, झोप कधी लागली, पाळी किती वाजता, डुलकी कधी आली. कामाचं स्वरूपही सांगा. गोळीची वेळ, मात्रा किंवा औषध बदलता येतं. बोलायला संकोच वाटला तर पत्नीला वा भावाला सोबत न्या. फॉर्मवर नाव घालणं बंधनकारक आहे का, तेही विचारून घ्या.

तोवर गोळी मनाने बंद करू नका. झोप येत असताना मशीनवर उभे राहू नका, डॉक्टरांना आजच फोन करा. मन फारच खचलं तर टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलता येतं.