नंबर नसलेला भाग

कोल्हापूर, 14 जून

चि. ओंकार,


फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि विषय ईराकडे नेतोस. म्हणून लिहितोय. पूर्ण वाच आणि मृणाललाही वाचायला दे.

गेल्या रविवारी ईराच्या वाढदिवसाचा फोटो ग्रुपवर आला. सगळे केक बघत होते, मी मागचा ओटा बघत होतो. मिसळणाच्या डब्याशेजारी टॉवेल पसरलेला आणि त्यावर हॅमर, स्प्रिंगा, सेफ्टीची पट्टी, पिना अशा ओळीने मांडलेल्या. फोटो मोठा करून पाहिला. उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ आणि कानस यांत गेली, हॅमर पकडून धरणारी सीअर ओळखायला मला वेळ लागला नाही. परवा अमेय आला तेव्हा म्हणाला, दादाने त्याच्या रुगर मार्क फोर पिस्तुलाला बाहेरची नवी फ्रेम मागवलीय आणि ट्रिगर पाऊण पौंडावर आणलाय. कौतुकाने सांगत होता बिचारा. तुझ्या आईला फोटोत काही कळलं नाही, तिला वाटलं मिक्सर खोललाय. मीही तिला सांगितलं नाही. पण तेव्हापासून मला नीट झोप नाही.

पाऊण पौंड, ओंकार! आणि घरात चार वर्षांची पोर.

तुझ्या नेमबाजीला माझा विरोध नाही, हे तुला ठाऊक आहे. अमेरिकेत H1 व्हिसावर होतास तेव्हा तिकडच्या कायद्याने शिकारीच्या परवान्यासारखी सवलत असल्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येत नाही म्हणून तू रेंजच्या दारातही गेला नाहीस. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मगच सुरुवात केलीस. तेव्हा मी तुझ्या आईला म्हणालो होतो, पोरगं सरळ आहे, काळजी करू नकोस. आज तेच वाक्य मला टोचतंय.

नंबर नसलेली फ्रेम सरळ घरी मागवता येते, असं तू अमेयला सांगितलंस ते कायद्याने खरं आहे. रुगरच्या या पिस्तुलाचा नंबर वरच्या नळीवर असतो, त्यामुळे तिकडचा कायदा नळीलाच पिस्तूल मानतो. खालची फ्रेम म्हणजे नुसता सुटा भाग. ती मिक्सरच्या भांड्यासारखी घरपोच येते, दुकानात सही करायला जावं लागत नाही. ब्राउनिंगच्या बक मार्क पिस्तुलाचं उलट, तिथे फ्रेमवरच नंबर. आपल्याकडे तर 1959 च्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रातच मोडतो, म्हणून आम्ही जुने लोक हे ऐकून दचकतो. पण माझी भीती कायद्याची नाही. त्या पिस्तुलात काय कुठे आहे ते एकदा डोळ्यांसमोर आण. बॅरल नळीत, साइट नळीवर. म्हणजे नेम सगळा नळीत. आणि हॅमर, सीअर, चाप, सेफ्टी? ते सगळं फ्रेममध्ये. गोळी केव्हा सुटायची आणि केव्हा नाही, हे तो बिननंबरचा भाग ठरवतो. आणि त्यातलं सगळं तू स्वयंपाकघराच्या ओट्यावर खोलून नव्या फ्रेममध्ये बसवलंस.

नवी फ्रेम का घ्यावीशी वाटली तेही मला कळतं. तुझी मूळची 22/45, प्लॅस्टिकची, हाताला हलकी. धातूच्या फ्रेमचं वजन मनगटात बसलं की साइटची थरथर कमी होते, मूठ भरून येते. ती तू जरूर वापर. माझं भांडण त्या पाऊण पौंडाशी आहे.

मी तुला 1986 सालची गोष्ट कधी सांगितली नाही. तुझ्या आईलाही नाही. तेव्हा मी तेवीस वर्षांचा. सकाळी रेंजवर आणि दिवसभर कारखान्यात. क्लबचं एक .22 पिस्तूल होतं, त्याचा ट्रिगर खरखरीत, ओढताना मध्येच अडल्यासारखा वाटायचा. मला माझ्या हाताचा फार अभिमान. एका शनिवारी मी त्याची सीअर गुपचूप खिशातून कारखान्यात नेली आणि ऑइलस्टोनवर घासली. काच फुटल्यासारखा सुरेख ट्रिगर झाला. महिनाभर सगळे खूश. मला हे माहीत नव्हतं की त्या सीअरचा कडकपणा नुसता वरच्या कातडीत होता. ती कातडी मी घासून काढली होती आणि आत मऊ लोखंड उरलं होतं. रोज थोडी थोडी धार झिजत गेली.

मग एक दिवस मी मॅगझिन घातलं, बोल्ट सोडला आणि गोळी सुटली. बोट चापावर नव्हतं. बोल्ट पुढे आल्याच्या धक्क्यानेच सीअर निसटली. नळी थोडी डावीकडे होती. तिकडे पाण्याचा माठ होता, तो फुटला. टार्गेट चिकटवणारा दहा-बारा वर्षांचा पोरगा त्याच माठातून पाणी पिऊन नुकता वळला होता. पेला अजून त्याच्या हातात होता.

कुणाला लागलं नाही. पण चौकशी झाली तेव्हा मी बोललो नाही. हत्यारांची देखभाल बघणारे एक म्हातारे काका होते, दोष त्यांच्यावर गेला. त्यांचं काम सुटलं. पुढे ते वारले तेव्हा मी मयताला गेलो आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. त्यांच्या मुलाशी बोलायला तोंड उघडेना. आज बासष्टीचा झालोय, पण तो माठ आणि ते काका माझ्या डोळ्यांसमोरून हललेले नाहीत.

तू म्हणशील, मामा, माझे भाग बाजारातले आहेत, मी काही घासलेलं नाही. मान्य. पण चांगल्या कारखान्याचंही चुकतं. तुझं पिस्तूल सेकंडहँड आहे. 1 जून 2017 पूर्वी बनलेले मार्क फोर कंपनीने स्वतः परत मागवले होते. सेफ्टी अर्धवट, मधल्या जागी असताना चाप ओढला तर तेव्हा काही होत नसे, आणि नंतर सेफ्टी पुढे सरकवली की गोळी सुटू शकत असे. दोष सेफ्टीचा, म्हणजे पुन्हा फ्रेममधलाच. तुझं त्या आधीचं असेल तर त्यात सुधारणा झाली आहे का, हे आधी बघ. जुनी सेफ्टी तू नव्या फ्रेममध्ये जशीच्या तशी उचलून ठेवली असशील, तर फ्रेम कितीही देखणी असो, धोका तसाच. आणि ट्रिगर कमी करायच्या नादात मॅगझिन काढल्यावर पिस्तूल बंद ठेवणारी व्यवस्था काढली असशील, तर ती परत बसव. पुष्कळ जण काढतात, मला माहीत आहे. पुष्कळ जणांच्या घरी ईरा नाही.

हौस म्हणून हलका चाप हवा असतो, नेमासाठी तो लागत नाही. आपल्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. त्या प्रकारात .22 ला नियम आहे, चाप 1000 ग्रॅमच्या खाली चालत नाही. तुमच्या बुल्सआय स्पर्धेतही .22 ला निदान दोन पौंड, म्हणजे 907 ग्रॅम लागतात. तपासणीच्या टेबलावर नळी वर करून चापाला वजन अडकवतात आणि पिस्तूल हळूच उचलतात. वजन टेबलावरून उठलं आणि हॅमर पडला नाही, तर पास. तुझं पाऊण पौंडाचं पिस्तूल कुठल्या स्पर्धेत नेणार आहेस तू?

रागावलो. रात्रीचा एक वाजलाय आणि बाहेर पाऊस धो धो लागलाय, त्यामुळेही असेल. खरं सांगायचं तर तुझ्यावर रागवायचा मला हक्क किती, हाही प्रश्न आहे. तुझ्या हातात पहिली कानस मी दिली. भावोजी गेल्यानंतर मे महिन्याच्या सुट्टीत तू कारखान्यात येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसायचास. व्हर्नियर धरून आकडा वाचायचास, आणि बरोबर आला की माझ्या तोंडाकडे बघायचास. प्रत्येक वस्तू खोलून बघावीशी वाटते, ती खोड माझी आहे. फोटोतल्या त्या पिना तू मी शिकवलं तशाच मांडल्या होत्यास, काढल्या त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. ते बघून आधी मला बरंच वाटलं होतं. भीती नंतर वाटली.

म्हणून एवढं कर. ट्रिगर दोन पौंडांच्या वर आण. मग गोळी जवळपास नाही अशी खात्री करून तपास: सेफ्टी लावून चाप जोरात ओढ, सोड, मग सेफ्टी काढ. हॅमर पडता कामा नये. चाप दाबून धरूनच बोल्ट मागे ओढून सोड, सीअरने हॅमर पकडलाच पाहिजे. रबरी हातोडीने फ्रेमला दोन-चार ठोके मार. बोल्टमधली फायरिंग पिन अडवणारी आडवी पिन जागेवर आहे ना तेही बघ, ती राहून गेली तर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटत राहते. रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी घाल, मग दोन. दहा नाही. यातलं एक जरी चुकलं तरी तिकडच्या चांगल्या गनस्मिथकडे दे आणि पैशाकडे बघू नकोस. लागले तर मी पाठवतो, खरंच पाठवतो.

मी लेथवर पितळेचं एक वजन काढलंय, बरोबर 1000 ग्रॅमचं, वर आकडा बसवलाय. जुलैत तुझी आई येईल तिच्या सामानात घालतोय. तिला सांगितलंय, ईराला पोळपाटावर कणीक थापायला आहे.

आणि ते सगळं ओट्यावरून उचल. कुलूप लाव. किल्ली मृणालकडे दे.

तपासणी एकट्याने करू नकोस, मला व्हिडिओवर दाखव. रविवारी तुमचे सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ होतात. मी लवकर जेवून फोनजवळ बसतो.

तुझा,
मामा