स्वयंचलित दूरध्वनी सल्लासेवा : संवादाचा अवस्था-तक्ता

पीक सल्ल्याच्या स्वयंचलित दूरध्वनी सेवेत शेतकरी मध्येच अडकला, तर सल्ला त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हा दोष ‘फायनाइट स्टेट मशीन’, म्हणजेच मर्यादित अवस्थांचे यंत्र, या संकल्पनेच्या साहाय्याने कागदावरच शोधता येतो.

संवाद कोणत्याही क्षणी एकाच अवस्थेत असतो : भाषा-निवड, पीक-निवड, समस्या-निवड किंवा सल्ला-श्रवण. प्रत्येक अवस्थेत चार घटना संभवतात : योग्य अंक दाबणे, चुकीचा अंक दाबणे, काहीच न दाबणे आणि मागे जाण्यासाठी शून्य दाबणे. यांचा 16 चौकटींचा तक्ता आखून प्रत्येक चौकटीत पुढील अवस्था लिहावी. उदा., पीक-निवडीत चुकीचा अंक दाबल्यास अवस्था तीच राहील व पर्याय पुन्हा ऐकवले जातील. सल्ला ऐकताना मात्र काहीच न दाबणे ही चूक नव्हे.

यंत्राला चालू अवस्थेपलीकडचे स्मरण नसते. म्हणून ‘दुसरा प्रयत्न’ ही स्वतंत्र अवस्था ठेवावी. तेथेही चूक झाल्यास दूरध्वनी तज्ज्ञाकडे जोडावा.

रिकामी चौकट म्हणजे शेतकरी अडकण्याची जागा होय. भाषा-निवडीत शून्य दाबल्यास काय होईल, हे ठरविण्याचे राहून जाऊ शकते. सेवा सुरू होण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्यांनी हा तक्ता मागवून प्रत्येक चौकट तपासावी.