दासोहाचे फळ कोणाला?



पत्नी लिंगैक्य झाल्यापासून एक वृद्ध शरण मठाच्या दासोहात रोज वाढपी म्हणून उभे राहतात. मागच्या अमावास्येला त्यांनी विचारले, "अप्पाजी, वर्ष झाले वाढतो आहे. यातून मला काय मिळाले?" प्रश्न प्रामाणिक आहे. सेवा करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो कधी ना कधी येतोच.

'दासोह' म्हणजे 'दासः अहम्', मी दास आहे. दानात देणाऱ्याचा हात वर असतो. दासोहात मात्र देणाऱ्यानेच वाकायचे असते. म्हणून त्याचे पहिले फळ वाढणाऱ्याच्या पदरात पडते. त्याचा 'मी'पणा हलका होतो.

१२ व्या शतकात कल्याणात आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचण्याचे कायक करीत. त्यातूनच जंगमदासोह चाले. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. बसवण्णांनी मुद्दाम जास्त तांदूळ सांडून ठेवले होते, असे शरणकथा सांगतात. लक्कम्माने ते पाहिले आणि पतीला बजावले की गरजेपुरते ठेवा, उरलेले होते तेथे टाकून या. घरात दारिद्र्य होते, पण तिच्या मनाला त्याचा स्पर्श नव्हता.

आपल्या सेवेतही असे जास्तीचे तांदूळ घरी येतात. फलकावरचे नाव, पुढची खुर्ची, हारतुरे, ही त्यांचीच रूपे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांना महापूर आला, तेव्हा मठात पूरग्रस्त कुटुंबे उतरली होती. भक्तांनी रात्रंदिवस भाकरी केल्या. पुढे एका बातमीत इतरांची नावे आली, आपल्या मठाचे आले नाही. खरे सांगतो, माझे मन खट्टू झाले. त्या रात्री लक्कम्मा आठवली आणि आपल्या ओटीत काय भरले आहे ते मला दिसले. ते परत टाकून येण्यास मला बरेच दिवस लागले.

मग गरजेपुरते म्हणून काय ठेवावे? त्या वृद्ध शरणांना मी उलट विचारले, "पंक्तीत ताक कोणाला चालत नाही?" त्यांनी क्षणात सात मुलांची नावे सांगितली. कोणाला सर्दी होते, कोणाला आंबट नको, हेही सांगितले. वर्षापूर्वी हेच गृहस्थ घरात कोणाशी बोलत नव्हते. मी म्हटले, "शरणरे, हेच मिळाले." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीपेक्षा लवकर आले.

वाचकहो, या महिन्याचा पाठ एवढाच. आठवड्यातून दोन तास आपल्या गल्लीसाठी काढा. शाळेतल्या कच्च्या मुलाला पाढे शिकवा, एकट्या आजीला दवाखान्यात न्या, देवळापुढची गटार साफ करा. इष्टलिंगपूजेला बसताना ती सेवा लिंगार्पण करा आणि कोणाला सांगू नका. महिनाभराने स्वतःला विचारा, मी किती माणसांना नावाने ओळखू लागलो? त्या उत्तरात दासोहाचे फळ सापडेल.

शरणु शरणार्थी.