काचेतल्या बाळाला आईचंच दूध

मैत्रिणींनो, २८ आठवडे भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात. मग घरचे म्हणतात, "ते कुठं पितंय? दूध काढून काय करायचं?" इथंच चूक होते.

एवढ्याशा बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एकदम जमत नाही. ते साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतं. तोवर त्याला शिरेतून पोषण देतात आणि पोटात सोडलेल्या बारीक नळीने थोडं थोडं दूध. आईच्या दुधामुळे कोवळ्या आतड्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका कमी होतो.

म्हणून बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच नर्सताईंकडून हाताने दूध काढायला शिका. पिवळा चीक चार थेंब निघाला तरी टाकू नका. रात्र धरून दिवसात आठ वेळा काढा, नाहीतर दूध आटतं. मध, घुटी, वरचं पाणी अजिबात नको. दूध कमी पडलं तर दूधपेढीबद्दल डॉक्टरांना विचारा. मुंबईच्या शीव रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून आहे.

आपल्या गटातली कुणी दवाखान्यात असेल, तर तिचा डबा आणि घरच्या लेकरांची सोय आपण वाटून घ्यायची. ती निर्धास्त असेल, तरच तिला बाळाजवळ थांबता येईल.