घाण्यात पडण्याआधी दाण्याचं काय होतं?

"सर, शेंगदाण्यात एवढं तेल असतंय, मग मुठीत दाबला तर हाताला का लागत नाही?"

आठवीच्या वर्गात हा प्रश्न आला आणि माझा ठरवलेला पाठ बाजूला राहिला. बरंच झालं. माधवनगर आणि आसपासच्या गावांतल्या मुलांना भुईमूग, सोयाबीन नवीन नाही. कित्येकांच्या दारात म्हैस आहे, पडवीत पेंडीचं पोतं आहे. पण तेल कसं निघतं विचारलं की सगळे एका शब्दात उत्तर देतात, "दाबून!" आपण शिक्षकही तेवढ्यावर पुढं जातो. खरं तर तेल किती निघणार आणि पेंड कशी होणार, हे बरंचसं दाबण्याआधीच ठरलेलं असतं.

मुलांना हे सांगण्याऐवजी करून दाखवा. तीन कोरे कागद घ्या. पहिल्यावर अख्खा दाणा वजनाखाली दाबा. दुसऱ्यावर तेवढाच दाणा कुटून दाबा. तिसऱ्यावर कुटलेला दाणा तव्यावर जरा कोमट करून दाबा. डागांभोवती पेन्सिलीनं रेघ मारा आणि कागद उजेडाकडे धरा. पहिल्यावर जेमतेम काही दिसतं, तिसरा डाग चांगला पसरतो. दाबणारा हात तोच, वजनही तेच.

कारण असं, की दाण्यात तेल एका जागी साठलेलं नसतं. पेशीपेशीत ते अगदी बारीक थेंबांच्या रूपात असतं. पेशीची भिंत फुटल्याशिवाय त्याला वाट मिळत नाही. ऊब मिळाली की आतली प्रथिनं घट्ट होतात (उकडलेलं अंडं आठवा), बारीक थेंब एकमेकांत मिसळतात आणि तेल पातळ होऊन वाहू लागतं.

हे पक्कं झाल्यावर आम्ही एक छोटी तेल गिरणी बघायला गेलो. मुलांना घाई होती एक्सपेलर बघायची, पण मिस्त्रींनी आधी चाळण्यांपाशी उभं केलं. एका चाळणीत ढेकळं, काड्या अडकतात, दुसरीतून माती खाली गळते, पंख्यानं पाचोळा उडतो. पुढं लोहचुंबक. शेंगांबरोबर आलेला एखादा खिळा एक्सपेलरमध्ये गेला तर मळसूत्राच्या दांड्याला इजा होते आणि काम बंद पडतं.

मग फोडणी यंत्र. जाळी शेंगेच्या आकाराप्रमाणे बदलावी लागते, नाहीतर बारीक शेंगा तशाच राहतात आणि मोठ्यांचे दाणे चुरडतात. १०० किलो शेंगांतून साधारण ७० किलो दाणे मिळतात, बाकी टरफल. टरफलात तेल जवळजवळ नसतं, उलट दाबताना तेच तेल पितं. म्हणून ते काढायचं. पण इथं मिस्त्रींनी पोरांना कोड्यात टाकलं. थोडं टरफल ते मुद्दाम राहू देतात! नुसते दाणे गेले तर आत लगदा होतो आणि तो मळसूत्राबरोबर नुसता फिरत राहतो. थोडा चोथा असला की मालाला पकड मिळते. पुस्तकात हे मला कुठं भेटलं नव्हतं.

त्यापुढे भरडणं आणि वाफेच्या भांड्यात शिजवणं. एक्सपेलरमध्ये जाताना मालात साधारण ५ टक्के ओल हवी. ओल जास्त झाली तर लगदा, फारच कोरडा झाला तर पेंड करपते. मिस्त्री मूठभर माल दाबून अंदाज घेतात. एका मुलीनं विचारलं, "आमची आजी म्हणते लाकडी घाण्यात तर पाणी शिंपडायचे." आजी बरोबर आहे. घाणा सावकाश फिरतो, त्यात वाफ नसते. तिथं थोडं पाणीच तेल सुटायला मदत करतं. यंत्र बदललं की तयारीही बदलते.

सोयाबीनची गोष्ट वेगळी. त्यात तेल फक्त १८ ते २० टक्के, त्यामुळं नुसतं दाबून भागत नाही. मोठ्या कारखान्यात दाणे भरडतात, साल काढतात, ६०-७० अंशांपर्यंत गरम करून रोलरखाली चपटे करतात. मुलांना 'पोहे' म्हटलं की लगेच कळतं, फक्त हे पोहे जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीचे. मग हेक्झेन नावाच्या द्रावकात तेल विरघळवून काढतात. पोहे जाड असले तर द्रावक आत पोचत नाही, आणि पीठ केलं तर त्यातून द्रावक झिरपत नाही. नीट जमलं तर पेंडीत १ टक्क्याहून कमी तेल उरतं.

आता गणित. ७० किलो दाण्यांत ४५ टक्के तेल धरा, म्हणजे ३१.५ किलो. तेलाशिवायचा भाग ३८.५ किलो. पेंडीत ७ टक्के तेल उरलं तर हाती किती तेल येईल? आणि तयारी बिघडून १५ टक्के उरलं तर? (उत्तरं सुमारे २८.६ आणि २४.७ किलो.) शतमानाच्या पुस्तकी उदाहरणांपेक्षा पोरं यात जास्त भांडली.

पण सगळ्यात मोठा प्रश्न परतताना आला. "सर, काळे, बुरशी आलेले दाणे बाजूला काढत होते. ते जातात कुठं?"

उत्तर अवघड होतं. खाण्याच्या मालातून निवडून काढलेले दाणे बऱ्याचदा तेलासाठीच जातात. ओलसर राहिलेल्या शेंगदाण्यावर अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत शोध पोचला. तेल काढताना हे विष बहुतांशी पेंडीतच राहतं. तेलात उतरलेलं रिफाइंड करताना निघून जातं, घाण्याच्या तेलाला मात्र ती सोय नाही. तीच पेंड म्हशीनं खाल्ली की विषाचा काही अंश दुधात उतरतो आणि दूध उकळूनही तो जात नाही. म्हणून आपल्याकडे दुधासाठी त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम एवढी कमी ठेवली आहे.

पालकांना एवढंच सांगेन, वास मारणारी, जाळी धरलेली पेंड 'जनावरालाच तर घालायची आहे' म्हणून वापरू नका. शेंगा वाळवण्यात दोन दिवस जास्त गेले तरी चालतील. सोयाबीनच्या सरकारी खरेदीत १२ टक्के ओलीची अट असते (२०२४ च्या हंगामात ती १५ पर्यंत सैल केली होती). पोरांना ती आतापर्यंत बाजारातली अडवणूक वाटायची.

वर्गात आम्ही दोन बाटल्या ठेवल्या. एकीत वाळलेले दाणे, दुसरीत पाणी शिंपडलेले, दोन्हींची बुचं चिकटपट्टीनं बंद. सहाव्या दिवशी दुसरीत हिरवट-पिवळी बुरशी दिसली. तुम्ही केलंत तर बाटली उघडू नका, तशीच पिशवीत बांधून टाकून द्या. आमच्या वर्गातल्या एकानं त्याच संध्याकाळी घरचं पेंडीचं पोतं पडवीतल्या ओल्या फरशीवरून उचलून फळीवर ठेवलं. त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "सर, शाळेत काय शिकवलं तुम्ही ह्याला?"