सासरच्या स्वयंपाकघरात आधी शीर

अगं, बुडापेस्टला निघालीस, सासर हंगेरियन, तेव्हा एक गोष्ट तुझ्या कानात सांगून ठेवते. भाषा येईल सावकाश. तू आधी आजेसासूबाईंच्या स्वयंपाकघरात शीर. त्यांना पाहुणी म्हणून बसवायचं असेल, तरी कांदा चिरायला घेच.

त्यांचं बहुतेक सगळं कांद्यापासून सुरू होतं. बारीक चिरलेला कांदा, पारंपरिक घरात डुकराच्या चरबीत, मंद आचेवर काचेसारखा होईपर्यंत परततात. मग भांडं आचेवरून उतरवतात आणि तेव्हाच पापरिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, घालतात. त्या पुडीत साखरेचा अंश असतो, गरम चरबीत ती क्षणात करपते आणि अख्खी भाजी कडू होते. पापरिका घातली की ढवळून लगेच मांस किंवा थोडं पाणी. ही उतरवण्याची वेळ बघत राहा, ती पुस्तकात नीट कळत नाही. आणि आपला गरम मसाला पहिल्या वर्षी तरी डब्यातच राहू दे. त्यांच्या हातची चव आधी जिभेवर बसायला हवी.

पापरिका सेगेदची किंवा कॉलोचाची. सेगेदची गोष्ट नवऱ्याला विचार, त्याला नक्की ठाऊक असेल. तिथल्या विद्यापीठातले शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्ग्यी यांना एका रात्री बायकोने जेवताना ताजी पापरिका वाढली. त्यांना ती खायची नव्हती, म्हणून ते ती उचलून प्रयोगशाळेत घेऊन गेले. तीत क जीवनसत्त्वाचा खजिनाच निघाला! 1937 साली त्यांना नोबेल मिळालं. ही हकीकत ते स्वतःच सांगत.

तू डुकराचं मांस खात नाहीस, ते पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांग. संकोचाने ताटात टाकलंस तर आजींना जास्त लागेल. त्याऐवजी फोझेलेक मागून घे. शिजवलेली भाजी, आंबट सायीत पीठ कालवून दाट केलेली. कोवळ्या भोपळ्याच्या किसाचं फोझेलेक शेपू घालून करतात, तुला पहिल्या घासात आवडेल. मात्र काही घरांत पीठ चरबीत भाजून लावतात, म्हणून तेलात करायला सांग.

आणि सिल्वाश गोंबोत्स! उकडलेल्या बटाट्याच्या पिठाच्या पारीत अख्खं प्लम, बी काढून आत दालचिनी-साखर, मग उकळत्या पाण्यात सोडायचे आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचे. आपल्या मोदकांसारखंच, पारी फाटली की सारण बाहेर, म्हणून तुझा हात तिथे कामी येईल. आजी चटकन जवळ घेतील बघ.

खरी गंमत हात कामात असताना. पीठ मळता मळता त्यांना लहानपणीच्या दिस्नोवागाशबद्दल, म्हणजे घरचं डुक्कर कापण्याच्या दिवसाबद्दल विचार. हिवाळ्यात, पहाटे, थंडी कडाक्याची असताना सगळे नातलग आणि शेजारी जमत. कोणी मांस चिरी, कोणी सॉसेज भरी, कोणी चरबी कढवी. त्या एका दिवसाचं मांस-चरबी कुटुंबाला कितीतरी महिने पुरे. खेड्यातल्या त्या पिढीला या आठवणी विचारल्या की त्या थांबत नाहीत, आणि कुणाचं काय झालं, कोण गाव सोडून गेलं, हेही त्यातच ऐकायला मिळतं. समोरासमोर बसवून विचारलंस तर यातलं काहीच हाती लागणार नाही.

एक वही घेऊन जा. आजी मूठ म्हणतील, डोळ्यांनी मोजतील. तू त्यांची मूठ वाटीत ओतून माप लिहून घे. त्यांच्या हयातीतच हे व्हायला हवं गं, तुझ्या सासूबाईंच्या पिढीला नोकरीत सवड मिळाली नाही.

नाताळात खसखशीचं आणि अक्रोडाचं सारण भरलेलं बेयग्ली होतं. पीठ मळायचा दिवस आजच विचारून ठेव, आणि त्या दिवशी सकाळी बाकी काही ठरवू नकोस.